जॉन ब्राउनिंग: मोडक्या बंदुका दुरुस्त करता करता पिस्तूल घडवणारा माणूस

बीजीएमआय खेळत असाल तर पी १९११ हे पिस्तूल तुम्ही कधीतरी उचललं असेलच, आणि दुसरं काही बरं मिळताच टाकूनही दिलं असेल. गेममध्ये ते कधी अडकत नाही. खऱ्या पिस्तुलाचं तसं नसतं. एक स्प्रिंग ढिली पडली किंवा एका पिनचं टोक झिजलं, की चाप ओढल्यावर नुसता 'टक्' असा आवाज येतो. हा 'टक्' ज्याने आयुष्यभर हाताळला, त्या जॉन मोझेस ब्राउनिंगची ही गोष्ट. पी १९११ ज्या एम १९११ वरून घेतलंय, ते खरं पिस्तूल याचंच.

आधी थोडं तंत्र समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. चाप ओढला की मागे ताणून धरलेला घोडा सुटतो आणि फायरिंग पिनवर आदळतो. पिनचं टोक काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरवर बसतं, प्रायमर पेटतो, त्याने आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते. एक्स्ट्रॅक्टर नावाचा छोटा आकडा रिकामं काडतूस ओढून काढतो आणि स्लाइड पुढे येताना नवीन काडतूस नळीत ढकलते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

यात बार उडाला नाही, तर जाणकार दुरुस्तीवाला आधी न उडालेल्या काडतुसाचं बूड बघतो. प्रायमरवर खळगाच नसेल तर पिन तुटलेली किंवा अडकलेली असू शकते. खळगा उथळ असेल तर पिनचं टोक झिजलंय किंवा घोड्याची स्प्रिंग थकलीय. खळगा चांगला खोल असेल तर बहुधा काडतूसच खराब. रिकामं काडतूस आतच राहत असेल तर संशय एक्स्ट्रॅक्टरवर. म्हणजे लॉग वाचून बग शोधण्यासारखंच, फक्त इथे लॉग पितळेवर उमटलेला असतो.

ब्राउनिंगचा जन्म जानेवारी १८५५ मध्ये अमेरिकेतल्या युटा प्रांतात, ऑग्डेन गावी झाला. वडील जोनाथन मॉर्मन पंथाचे आणि पेशाने बंदुका करणारे. तीन लग्नं, बावीस मुलं आणि गावभरच्या मोडक्या वस्तूंचं दुकान. पोराची शाळा हीच. दहाएक वर्षांचा असताना त्याने भंगारातली एक नळी, लाकडाचा तुकडा आणि थोडं पत्र्याचं सामान जोडून चालणारी बंदूक केली, असं घरचे सांगत.

पण मला त्याच्या लहानपणातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तो तेरा-चौदा वर्षांचा असताना एका मालवाहू गाडीवाल्याची एकनळी बंदूक जड सामानाखाली चिरडली. गाडीवाल्याने नवी बंदूक घेतली आणि मोडकी या पोराला देऊन टाकली. त्याने ती शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी केली, सगळे तुकडे बाकावर मांडले आणि एकेक बघत गेला. यातला एकही तुकडा असा नाही, जो आपल्याला स्वतः करता येणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती, आणि पुढेही त्याने ड्रॉइंग फारशी काढली नाहीत. कल्पना डोक्यात जुळवायची आणि थेट धातू कापायला घ्यायचा, अशी त्याची पद्धत.

१८७९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं, एका बारी रायफलचं. त्याच वर्षी वडील गेले. भावांना घेऊन तो ऑग्डेनमध्येच हाताने रायफली करत बसला. त्यातली एक वापरलेली रायफल फिरत फिरत विंचेस्टर या बड्या कंपनीपर्यंत पोचली. १८८३ मध्ये कंपनीचे बेनेट स्वतः ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलर देऊन हक्क घेऊन गेले. पुढची जवळपास वीस वर्षं ब्राउनिंग डिझाइन करतोय आणि विंचेस्टर विकत घेतंय, असं चाललं. त्यातली बरीच डिझाइनं कंपनीने बाजारात आणलीच नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत, एवढ्यासाठीच घेतली. आजच्या पेटंट खरेदीची आठवण येते ना?

१९०२ मध्ये हे बिनसलं. ब्राउनिंगने स्वयंचलित शॉटगन केली होती आणि एकरकमी पैशांऐवजी रॉयल्टी मागितली. बेनेटनी नकार दिला. तो रेमिंग्टनकडे गेला, तर तिथल्या अध्यक्षांच्या भेटीची वाट बघत बाहेर बसलेला असतानाच त्यांचं हृदयविकाराने निधन झाल्याची बातमी आली. मग त्याने सरळ बेल्जियमची बोट धरली. तिथल्या एफएन कंपनीशी त्याचं आधीच जमलं होतं. युरोपात त्याची पिस्तुलं इतकी खपली, की फ्रेंचमध्ये ब्राउनिंग म्हणजेच पिस्तूल, असा शब्द रूढ झाला.

पाचर आणि कडी

आता मुद्द्याच्या पिस्तुलाकडे येऊ. फिलिपिन्सच्या लढायांत अमेरिकन सैन्याला आपली .३८ कॅलिबरची रिव्हॉल्व्हर अपुरी वाटली आणि .४५ चं स्वयंचलित पिस्तूल हवं झालं. कोल्ट कंपनीसाठी ब्राउनिंगने १९०० सालापासून केलेल्या पिस्तुलांत नळी पुढे आणि मागे अशा दोन कड्यांवर टांगलेली असायची. स्लाइड जागेवर धरायला पुढच्या बाजूला एक आडवी पाचर. ती पाचर तुटली किंवा निसटली, तर मागे येणारी स्लाइड थेट नेमबाजाच्या तोंडावर येण्याचा धोका होता. खराब भागामुळे पिस्तूल नुसतं बंद पडणं वेगळं आणि त्याने मालकालाच मारणं वेगळं.

ब्राउनिंगने इथे पाचर जाड केली नाही. त्याने तिची गरजच काढून टाकली. पुढची कडी गेली, नळी फक्त मागच्या एका कडीवर झुलू लागली आणि पुढचं टोक एका बुशिंगमध्ये बसवलं. त्यामुळे स्लाइड पुढून चढवता येऊ लागली आणि मागे निसटायची वाटच उरली नाही. मला विचाराल तर हा त्याचा सर्वांत सुंदर बदल. पॅच मारण्याऐवजी चुकणारी ओळच डिलीट केली.

तरी १९१० च्या चाचणीत सैन्याचं समाधान झालं नाही. ब्राउनिंग हार्टफर्डला, कोल्टच्या कारखान्यात गेला आणि पिस्तुलाच्या कामावर स्वतः लक्ष ठेवू लागला. मार्च १९११ मध्ये पुन्हा चाचणी झाली, समोर सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल. ६,००० गोळ्या झाडायच्या. दर १०० गोळ्यांनंतर ५ मिनिटं थंड होऊ द्यायचं, दर १,००० नंतर साफसफाई आणि तेल. त्यानंतर मुद्दाम बिघडवलेली काडतुसं, अ‍ॅसिडने आणलेला गंज, वाळू आणि चिखल. सॅव्हेज पुन्हा पुन्हा अडकलं. ब्राउनिंगचं पिस्तूल ६,००० गोळ्यांत एकदाही अडकलं नाही. २९ मार्चला सैन्याने ते स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत ते अधिकृत पिस्तूल राहिलं.

त्यात दोष नव्हता असं नाही. त्याचा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्प्रिंगसारखा वागणारा पोलादाचा एकच लांब तुकडा. त्याचा ताण कमी झाला की रिकामी काडतुसं नीट निघत नाहीत, आणि दुरुस्तीवाले आजही आधी तोच तपासतात. पण हे पिस्तूल उघडायला वेगळी हत्यारं फारशी लागत नाहीत. त्याचेच काही भाग वापरून बाकीचे बहुतेक भाग सुटे करता येतात. बॅटरी बदलायला खास स्क्रूड्रायव्हर आणि हीट गन लागणारा फोन हातात धरून हे वाचताना जरा हेवा वाटतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २८ जून १९१४ ला सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातात होतं एफएनचं मॉडेल १९१०, म्हणजे ब्राउनिंगचंच डिझाइन. ते अडकलं नाही. आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड आणि त्यांची पत्नी सोफी मारले गेले आणि महिन्याभरात पहिलं महायुद्ध पेटलं. विश्वासार्हतेचं कौतुक करताना ही तारीख माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या युद्धात अमेरिका उतरली तेव्हा त्याच्या मशीनगनची चाचणी झाली. ती इतकी बिनबोभाट चालली, की बंदूक खास तयार करून आणली असेल, अशी शंका निघाली. म्हणून त्याने दुसरी बंदूक लावली आणि ती ४८ मिनिटं सलग चालवून दाखवली.

२६ नोव्हेंबर १९२६ ला बेल्जियममध्ये, एफएनच्या कारखान्यातच हृदय बंद पडून तो गेला. नावावर १२८ पेटंट होती आणि हातात एक अपुरं पिस्तूल. ते एफएनच्या द्यूदोने सेव्हने पुरं केलं आणि १९३५ मध्ये हाय-पॉवर या नावाने बाजारात आलं. भारतीय सैन्याचं ९ एमएम १ए पिस्तूल त्याचंच रूप. ते पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं.