फॅनी लू हेमर : भयाच्या वेळी गाणारी बाई

शब्बाथ शाळेत शिकविणाऱ्या बंधुभगिनींपैकी अनेकांना 'धिस लिटल लाइट ऑफ माइन' हे मुलांचे इंग्रजी गीत ठाऊक असेल. दिवा लावून तो मापाखाली ठेवू नये, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले. त्याच शिकवणीचे हे गीत. मुले एक बोट वर धरून ते आनंदाने गातात. हेच गीत अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एका मजूर बाईने पोलिसांनी अडविलेल्या बसमध्ये गायिले. त्या बाईंचे नाव फॅनी लू हेमर.

फॅनीचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ रोजी झाला. आईबापांच्या वीस लेकरांत ती शेवटची. घर कृष्णवर्णी, आणि गोऱ्या जमीनदाराच्या शेतावर अर्धेलीने कापूस पिकविणारे. वयाच्या सहाव्या वर्षी तिच्या हाती कापूस वेचण्याचे काम आले. पोलिओने एक पाय अधू झालेला. शाळा वर्षातून थोडे महिने, तीही काही इयत्तांपुरतीच. बाप बाप्तिस्त मंडळीत उपदेश करी. एकदा त्याने पैपैसा जमवून स्वतःची जनावरे घेतली, तेव्हा एका गोऱ्या शेजाऱ्याने त्यांच्या खाद्यात विष घातले. घर पुन्हा कर्जात गेले. आई मात्र शेतात काम करताना गात असे. गुलामगिरीच्या काळापासून तोंडोतोंडी आलेली ती गीते मुलीने आईकडून आणि मंडळीत ऐकून पाठ केली. पुढे तेच तिचे मोठे धन ठरले.

१९४४ साली पेरी हेमर यांच्याशी तिचा विवाह झाला. लिहितावाचता येत असल्यामुळे रूलव्हिलजवळच्या मळ्यावर मजुरांच्या हजेरीचे काम फॅनीबाईंकडे आले. १९६१ साली एका शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी त्यांना न विचारता त्यांचे गर्भाशय काढून टाकले. दोघांनी दत्तक घेतलेल्या मुली वाढविल्या.

ऑगस्ट १९६२ मध्ये रूलव्हिलच्या विल्यम चॅपल मंदिरात एक सभा भरली. कृष्णवर्णी माणसालाही मत देण्याचा हक्क आहे, हे फॅनीबाईंनी तेथे प्रथम ऐकले. तेव्हा त्या ४४ वर्षांच्या होत्या. नाव नोंदविण्यास कोण येईल, असे विचारताच त्यांनी हात वर केला.

३१ ऑगस्ट रोजी अठरा जण एका जुन्या बसने इंडियानोला या गावी गेले. तेथील परीक्षेत राज्यघटनेचे अवघड कलम उतरून त्याचा अर्थ लिहावयाचा होता. कृष्णवर्णी लोकांना गाळण्यासाठीच ती परीक्षा होती. त्या दिवशी फॅनीबाई नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडविली. बसचा रंग शाळेच्या बससारखा फार पिवळा आहे, हा गुन्हा! चालकाला दंड झाला. आत बसलेली माणसे घाबरून गेली. आता तुरुंग की मार, कोणालाच कळेना. तेवढ्यात मागून एक भरदार आवाज उठला. फॅनीबाई मंडळीतील गीते गाऊ लागल्या होत्या. एकेक जण त्यांच्या आवाजात आवाज मिसळू लागला. दंडाचे पैसे सर्वांनी मिळून भरले आणि बस सुटली.

घरी पोचताच मालकाने बजावले की अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षांचे घर त्यांनी त्याच रात्री सोडले. १० सप्टेंबर रोजी, त्या ज्या घरी आसऱ्याला होत्या, त्यावर सोळा गोळ्या झाडण्यात आल्या. तरीही जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी परीक्षा पुन्हा देऊन नाव नोंदविलेच.

९ जून १९६३ हा दिवस सर्वांत कठीण. प्रशिक्षणाहून परतताना विनोना येथील बसस्थानकावर त्यांना व सोबत्यांना अटक झाली. पोलिसांनी दोन कृष्णवर्णी कैद्यांनाच त्यांना मारावयास लावले. मूत्रपिंड व डोळा यांना झालेली इजा जन्मभर राहिली. अंग सुजलेले असताना त्या कोठडीत गायिल्या. प्रभूने आपल्याबरोबर चालावे अशी विनवणी करणारे ते जुने गीत होते. फिलिप्पै येथील तुरुंगात मध्यरात्री गाणारे पौल व सीला येथे आपल्याला आठवतात. तुरुंगाधिकाऱ्याच्या पत्नीने व मुलीने त्यांना थंड पाणी आणून दिले, तेव्हा त्यांनी प्रेषितांची कृत्ये १७:२६ हे वचन वाचावयास सांगितले. देवाने सर्व राष्ट्रे एकापासूनच निर्माण केली, असे ते वचन आहे. मारणाऱ्या पोलिसांना मात्र गोऱ्या पंचांनी त्याच वर्षी निर्दोष सोडले.

२२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटी येथे एका राष्ट्रीय पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सर्व सांगितले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लोकांचे लक्ष वळविण्यासाठी घाईने पत्रकार परिषद बोलाविली. तरी त्या रात्री दूरदर्शनवर देशाने बाईंची साक्ष पाहिली. त्यांच्या गटाला फक्त दोन जागा देऊ केल्या, त्या त्यांनी नाकारल्या. पुढील वर्षी, १९६५ साली, मतदान हक्काचा कायदा झाला.

आईकडून आलेली गीते त्या प्रसंगाप्रमाणे वळवीत. ख्रिस्तजन्माच्या एका गीताला त्यांनी मोशे व फारो यांची कथा जोडली, आणि नाताळाचे ते गीत मुक्तीचे झाले. भीतीने मंदिराचे दार बंद ठेवणाऱ्या पाळकांना त्या स्पष्ट बोलत. भुकेल्यांसाठी १९६९ साली त्यांनी सामाईक शेती सुरू केली; गरीब कुटुंबांना डुकरीण पाळावयास द्यावयाची व तिच्या पिल्लांतून इतरांना मदत करावयाची, अशी सोय केली. पैशाअभावी ती शेती १९७० च्या दशकातच बंद पडली. १४ मार्च १९७७ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, कर्करोगाने त्या प्रभूकडे गेल्या. २०२५ साली त्यांच्या देशाने त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

गीताने पोलिसांची काठी थांबली नाही. पण घाबरलेली अठरा माणसे एकमेकांना सोडून पळाली नाहीत, ती त्या गीतामुळे. पुढच्या रविवारी मुले बोट वर धरून दिव्याचे गीत गातील, तेव्हा शिक्षकांनी त्यांना त्या पिवळ्या बसची गोष्ट अवश्य सांगावी.