स्वतःची किंमत मोजून सुटलेला ओलाउदा



बाजारात माणसं विकली जात होती, हे तुम्हाला खरं वाटेल का? महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले. ते त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केले, असे गुरुजींनी वर्गात सांगितले. ते गुलाम कोण होते, हे मला जाणून घ्यावेसे वाटले. म्हणून मी ओलाउदा इक्वियानो याची माहिती लिहीत आहे.

युरोपातील व्यापारी जहाजातून कापड, बंदुका, दारू घेऊन आफ्रिकेला जात. तिथे त्या मालाच्या बदल्यात माणसं घेत. ती माणसं अमेरिकेत विकून साखर, तंबाखू, कापूस घेऊन घरी परतत. सुमारे साडेतीनशे वर्षांत सव्वा कोटी आफ्रिकी माणसे अशी जहाजात कोंबली गेली. त्यांतील सुमारे १८ लाख वाटेतच मेली.

ओलाउदाने आपली हकिगत स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याचा जन्म १७४५ च्या सुमारास इग्बो लोकांच्या मुलखात झाला. तो भाग आज नायजेरिया देशात आहे. तो साधारण अकरा वर्षांचा होता. एके दिवशी मोठी माणसं शेतावर गेली होती. घरात तो आणि त्याची बहीण दोघंच होती. तेवढ्यात चोर भिंतीवरून आत आले आणि दोघांची तोंडं दाबून त्यांना पळवून नेलं. पुढे बहीणभावांची ताटातूट झाली. मध्ये एकदा भेट झाली, पण पुन्हा त्यांना वेगळं केलं. त्यानंतर बहिणीचा पत्ता त्याला कधीच लागला नाही.

अनेक हातांतून विकला जात तो समुद्रावर आला. जहाज आणि गोरी माणसं पाहून त्याला वाटलं, हे आता आपल्याला खाणार! जहाजाच्या पोटात माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. नीट कूस बदलायलाही जागा नव्हती. घाण वास आणि सगळीकडे रडारड. त्यानं जेवण नाकारलं म्हणून त्याला फटके मारले. एकाच साखळीत बांधलेल्या दोघांनी तर समुद्रात उडी घेतली.

पुढे एका आरमारी अधिकाऱ्याने त्याला विकत घेतले. त्याचे नावही बदलून गुस्तावस वासा ठेवले. मालक पुस्तक वाचताना बघून ओलाउदाला वाटे, पुस्तक बोलतं. म्हणून तो एकटा असताना पुस्तकाला कान लावून बसे! पण नंतर तो खरोखरच लिहायला-वाचायला शिकला.

त्या मालकाने त्याला विकून टाकले. १७६३ साली तो वेस्ट इंडीजमधील माँटसेराट बेटावर रॉबर्ट किंग या व्यापाऱ्याकडे आला. तिथे तो जहाजावर काम करी. त्याच्याजवळ फक्त तीन पेन्स होते. त्यातून त्याने एका बेटावर काचेचा एक पेला घेतला आणि तो माँटसेराटला सहा पेन्सना विकला. मग दोन पेले घेतले. असा थोडा थोडा व्यापार करत त्याने पैसे साठवले. कधी गोरे लोक त्याचा माल हिसकावून घेत, तरी तो खचला नाही. अखेर जुलै १७६६ मध्ये मालकाने त्याच्यासाठी दिलेले ४० पौंड त्याने परत केले आणि सुटकेचा कागद मिळवला.

मला इथं एक प्रश्न पडतो. जे आपलंच आहे, ते आपणच विकत का घ्यायचं? पण तेव्हा कायदाच तसा होता.

सुटल्यावर तो स्वस्थ बसला नाही. १७८१ साली झाँग नावाच्या जहाजावरील लोकांनी १३० हून जास्त जिवंत गुलाम समुद्रात फेकले आणि मालकांनी त्यांच्या विम्याचे पैसे मागितले. ही बातमी ओलाउदाने १७८३ साली ग्रॅनव्हिल शार्प यांना सांगितली. शार्प हे गुलामांच्या बाजूने लढत होते. १७८९ साली ओलाउदाने आपले आत्मचरित्र छापले. ते विकत, सभा घेत तो इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडभर फिरला. त्याच्या हयातीतच पुस्तकाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. घरबसल्या साखर खाणाऱ्या लोकांना त्या साखरेमागचे हाल कळले.

१७९७ साली तो वारला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८०७ साली, इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केला. १८३३ साली तिथे गुलामगिरी संपवण्याचा कायदा झाला. हा दिवस पाहायला ओलाउदा नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, ज्या मुलाला पुस्तक म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं, त्याच्या पुस्तकानं लोकांचे डोळे उघडले. आपल्याला तर पुस्तकं आयती मिळतात. मग आपण वाचूया, आणि कुणालाही कमी लेखायचं नाही एवढं मनाशी ठरवूया.

अशा या थोर पुरुषाला माझा नमस्कार!

– इयत्ता सातवी