निवृत्तीनंतर नौदलानं परत बोलावलं, कारण कंपन्यांचं ‘कोबोल’ एकमेकांशी जुळेना!

परभणीचा माणूस आणि मालवणचा माणूस, दोघंही मराठीच बोलतात. पण गप्पा रंगल्या की चार शब्दांना अडखळतातच. १९५० च्या दशकात संगणकांची अवस्था याहून वाईट होती. प्रत्येक कंपनीच्या मशीनची भाषाच वेगळी. मशीन बदललं की पगारापासून गोदामापर्यंतच्या हिशेबाचे सगळे प्रोग्राम नव्यानं लिहायचे.

या दुखण्यावर आयुष्यभर काम केलं ग्रेस हॉपर यांनी.

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी. पुढे व्हॅसार कॉलेजात प्राध्यापकी. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, तेव्हा वय जास्त आणि वजन कमी भरलं. तरी १९४३ मध्ये त्या राखीव दलात दाखल झाल्याच. तिथून थेट हार्वर्डच्या ‘मार्क वन’ या अवाढव्य मशीनवर नेमणूक झाली.

१९५२ मध्ये त्यांनी ‘ए-झीरो’ हा सुरुवातीचा कंपायलर बनवला. मग आली ‘फ्लो-मॅटिक’, इंग्रजी शब्दांत हिशेबाचे आदेश देता येणारी भाषा. तिकडे आयबीएमची ‘कॉमर्शियल ट्रान्सलेटर’ आणि हनीवेलची ‘फॅक्ट’ वेगळ्याच. शेवटी मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये सरकार आणि कंपन्यांची बैठक झाली. सगळ्यांसाठी एकच भाषा करायचं ठरलं. तीच कोबोल. तिचा मोठा पाया फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन कंपन्यांच्या मशीनवर जवळपास तोच प्रोग्राम चालवून दाखवला गेला.

प्रश्न सुटला? नाही. प्रत्येक कंपनीनं कोबोलला आपापली शेपटं जोडली. नाव एक, बोली अनेक. गिऱ्हाईक पुन्हा एकाच कंपनीच्या दावणीला बांधलं गेलं.

हॉपर १९६६ च्या अखेरीस निवृत्त झाल्या होत्या. १९६७ मध्ये नौदलानं त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. काम एकच, कोबोलला शिस्त लावायची. १९६८ मध्ये अमेरिकेत कोबोलचं अधिकृत प्रमाण ठरलं. त्यांच्या गटानं चाचणीचे प्रोग्राम तयार केले. कंपनीचा कंपायलर प्रमाणाप्रमाणे चालतो की नाही, हे त्यातून उघडं पडायचं. नुसत्या दाव्यावर भागेना.

सहा महिन्यांची ती नोकरी लांबतच गेली. १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

आजही जगातल्या अनेक बँकांचे व्यवहार कोबोलवर चालतात. मशीन कितीदा बदललं, हिशेब मात्र चालू राहिला.