सोवळ्यातून सेवेकडे

मराठीतील आत्मचरित्रांचा विषय निघाला की 'स्मृतिचित्रे'चे नाव पहिल्या दोन-चारांत येतेच. विजया मेहता यांनी या पुस्तकावर केलेला, सुहास जोशी यांची प्रमुख भूमिका असलेला चित्रपट दूरदर्शनवर पाहिलेली पिढीही आता साठीकडे झुकली आहे. लक्ष्मीबाई टिळक म्हटले की विक्षिप्त पण थोर कवीची सोशिक, मिश्किल पत्नी आणि एका अजोड पुस्तकाची लेखिका, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतल्यापासून १९३६ मध्ये देह ठेवीपर्यंतची छत्तीस वर्षे लक्ष्मीबाई ख्रिस्ती मंडळीत वावरल्या, राबल्या आणि अखेरीस आजी म्हणून मानाने जगल्या. त्या छत्तीस वर्षांतील सेवेचे मोल कळण्यासाठी त्या कोणत्या घरातून निघाल्या होत्या हे आधी पाहावे लागते.

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे गाव आहे. तेथील गोखल्यांच्या घरात १८६८ मध्ये मनकर्णिकेचा, म्हणजे मनूचा जन्म झाला. १८५७ च्या धामधुमीनंतर तिच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. या घटनेचा तिचे वडील नाना गोखले यांच्या मनावर विलक्षण आघात झाला आणि त्यांना सोवळ्याचे वेड लागले. ते वेड साधेसुधे नव्हते. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. स्पर्श, सावली, पाणी यांची अखंड धास्ती घरावर पसरलेली असे. घरातल्या बायकांचा आणि मुलांचा दिवस या धास्तीतच उगवे आणि मावळे. विटाळाची भीती म्हणजे काय, हे या मुलीने पोथीतून नव्हे तर रोजच्या अंगणातून शिकून घेतले.

वयाच्या अकराव्या वर्षी, १८८० मध्ये, तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनूची लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातील करजगावचा. बुद्धी तल्लख, संस्कृतवर प्रभुत्व, शीघ्रकवित्वाचे वरदान; आणि या सगळ्याला साजेसा एका जागी न टिकणारा स्वभाव. नोकरी धरावी, सोडावी, घरी न सांगता निघून जावे, हातातला पैसा समोर दिसेल त्या गरजूला देऊन मोकळे व्हावे, असा त्यांचा क्रम. सासऱ्यांचा स्वभाव कठोर होता. त्या घरातील दिवस लक्ष्मीबाईंनी पुढे हसत हसत लिहिले असले तरी ते हसण्याचे दिवस नव्हते. मुले झाली, त्यांपैकी काही गेली. दत्तू तेवढा हाताशी राहिला.

१८९३ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. धर्माचा शोध त्यांच्या मनात आधीपासून चालूच होता. आता त्याला दिशा मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मण कुटुंबातील कर्त्या पुरुषाने धर्मांतर करणे म्हणजे घरावर मृत्यूपेक्षाही मोठी आपत्ती. मेलेल्याचे सुतक तरी फिटते. येथे पती जिवंत, कपाळी कुंकू, आणि तरीही संसार संपलेला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. पंढरपुरातही त्यांचे वास्तव्य झाले. त्या आघाताने काही काळ त्यांच्या मनाचा तोल सुटण्याची वेळ आली होती. याच दुःखाच्या भरात त्यांच्या हातून कविता उतरू लागल्या. अक्षरओळख जेमतेम असलेल्या या बाईला कवितेने त्या दिवसांत धरून ठेवले, असे म्हणावे लागेल.

हा वियोग जवळजवळ पाच वर्षे चालला. पत्रे येत, भेटी होत, पुन्हा अंतर पडे. नातेवाइकांनी प्रेमाने सांभाळले, पण नवऱ्याकडे जाण्याचा विचार त्यांच्यापैकी कोणाच्याही पचनी पडणारा नव्हता. अखेर मुलाला बाप मिळावा आणि आपल्याला नवरा, एवढ्या साध्या निश्चयाने लक्ष्मीबाई तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे गेल्या. मात्र धर्म सोडण्यासाठी त्या गेल्या नव्हत्या. स्वयंपाक आणि पाणी त्यांनी वेगळे ठेवले. भोवती ख्रिस्ती वस्ती, आणि मध्ये आपले सोवळे सांभाळणारी ही बाई. नानांच्या घरची शिकवण इतकी खोल रुजलेली होती.

टिळकांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. एरवी क्षणात संतापणाऱ्या या माणसाने पत्नीवर धर्माच्या बाबतीत जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचे परिवर्तन झाले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. जात देवाने निर्माण केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि त्याचा उलगडा होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. जात माणसाने केली आहे, हे एकदा मनाला पटल्यावर मग कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवून टाकले. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या श्रद्धेचा पाया धर्मशास्त्रातील एखाद्या सिद्धान्तावर नसून ताटावर आणि पाण्याच्या भांड्यावर घातला गेला होता, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. पुढची सारी सेवा त्याच पायावर उभी राहिली.

आणि सेवेचे प्रसंग दत्त म्हणून समोर उभेच होते. १८९९-१९०० चा दुष्काळ महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात भयंकर होता. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला. टिळकांच्या घरीही अशी मुले आली, राहिली, वाढली. त्यांची जात कोणती, हे विचारण्याचे कारण उरले नव्हते. नगरात प्लेगची साथ आली तेव्हा मिशनच्या शाळेतील मुलींच्या शुश्रूषेसाठी लक्ष्मीबाई पुढे झाल्या. प्लेग म्हटला की सख्खी माणसे रोग्याला टाकून पळत, असा तो काळ. ज्या मुलींच्या उशाशी त्या बसल्या त्यांच्यापैकी कित्येकींना नानांच्या अंगणाच्या कडेलाही उभे राहता आले नसते.

टिळक नगरच्या ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेत शिकवीत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि राहुरीसारख्या ठिकाणी त्यांचे काम चालले. पाळकाच्या पत्नीला पगार नसतो, पण काम पाळकाइतकेच असते. आल्यागेल्याचे जेवण, आजाऱ्याची विचारपूस, भांडणे मिटवणे, बाळंतिणीची काळजी, पोरक्या मुलांचे कपडेलत्ते. त्यात टिळकांचे औदार्य अमर्याद. घरात काय शिल्लक आहे याची चौकशी न करता ते माणसे घरी आणीत. दानाचे पुण्य टिळकांच्या नावावर जमा होई आणि त्यासाठी चूल पेटवण्याचे काम लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई, असे कोणी म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. दोघांची भांडणे गाजत, पण आलेला माणूस उपाशी परत गेला नाही.

अशा आलेल्यांपैकी एक जण मराठी कवितेत अमर झाला. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाची प्रतिभा पाहून सारे थक्क झाले आणि तो बालकवी म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले; त्याचे रुसवे काढले, हट्ट पुरवले. ठोमरे हिंदूच राहिला आणि टिळकांच्या घरातील त्याची जागा त्यामुळे कधी उणी झाली नाही. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तो या घराला पुत्रशोकच होता.

टिळकांनी रचलेली शंभराहून अधिक भक्तिगीते आजही मराठी उपासनेत गायिली जातात. मुंबई-पुण्यापासून जुन्नर-आंबेगावसारख्या डोंगरी तालुक्यांपर्यंत, जेथे जेथे मराठी ख्रिस्ती माणसे उपासनेला जमतात, तेथे ही अभंग-ओवीच्या वळणाची गीते त्यांची स्वतःची झालेली आहेत. १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी विभागाची जबाबदारीही टिळकांनी सांभाळली. पण परदेशी मिशनच्या चौकटीत त्यांचे मन रमेना. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्याही ख्रिस्तभक्तांचा मेळावा उभा करण्याचा प्रयत्न केला. संसाराच्या दृष्टीने हा आणखी एक अंधारातला उडीचा प्रकार होता. लक्ष्मीबाई याही उडीत बरोबर होत्या. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या काळच्या रीतीने एखादी विधवा मुलाच्या घरी कोपरा धरून बसली असती. त्यांनी मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचे काम पत्करले. पुढे मुलगा देवदत्त आणि सून रूथ यांच्या संसाराबरोबर त्या कराचीला गेल्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, तरी भाषा, माणसे, हवा सारेच परके. साठीकडे झुकलेली ही आजी तेथे निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांशी खाणाखुणांनी आणि मोडक्यातोडक्या शब्दांनी बोलू लागली. नातवंडांना सांभाळता सांभाळता तिचे लिहिणे सुरू झाले ते याच उतारवयात.

त्याचे निमित्तही घरगुतीच होते. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. शुद्धलेखनाचा गंध नसलेल्या आईने कागद भरायला सुरुवात केली, आणि टिळकांच्या आठवणींबरोबर जलालपूरचे अंगण, नानांचे सोवळे, सासरचा जाच, वियोगाची वर्षे, दुष्काळातली पोरे असा सारा जन्मच त्यात उतरत गेला. प्रथम 'संजीवनी' या नियतकालिकातून हा मजकूर प्रसिद्ध झाला आणि १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' चार भागांत पुस्तकरूपाने वाचकांपुढे आले. ख्रिस्ती झालेल्या बाईने लिहिलेले पुस्तक हिंदू घरांत इतक्या आपुलकीने वाचले जावे, हे त्या काळी सहज घडणारे नव्हते. याचे एक कारण असे की लक्ष्मीबाईंनी सोडून आलेल्या घराविषयी कडवट शब्द लिहिला नाही आणि नव्या घरातील उणिवाही झाकल्या नाहीत. मिशनमधले हेवेदावे त्यांनी तितक्याच खेळकरपणे टिपले आहेत.

मात्र मंडळीसाठी त्यांनी केलेले मोठे काम 'स्मृतिचित्रे'च्या तेजात काहीसे झाकले गेले. टिळकांनी १९०९ मध्ये येशू ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले होते. फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ला तेव्हा जवळजवळ तीन शतके उलटून गेली होती. टिळकांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले आणि काम थांबले. ते पुरे करायला कोणी पंडित किंवा धर्मशास्त्रज्ञ पुढे आला नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यात ६४ अध्यायांची भर घातली. पतीच्या रचनेतील पांडित्य त्यांच्या ओवीत नाही, आणि ते शोधूही नये. काव्यगुणांच्या तराजूत हे अध्याय कोठे बसतात याबद्दल मतभेद होऊ शकतील. पण वयाच्या साठीनंतर, थकलेल्या शरीराने, दुसऱ्याने अर्धवट टाकलेली एवढी मोठी रचना पुढे नेणे यामागे जी निष्ठा लागते तिच्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

१९३३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. एकेकाळी वेगळी चूल मांडून या समाजात पाहुण्यासारखी राहिलेली बाई आता त्याच समाजाच्या विद्वानांसमोर अध्यक्षा म्हणून उभी होती. जलालपूरजवळच्या नाशिकातच त्यांचे अखेरचे दिवस गेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' छापून आलेले त्यांना पाहायला मिळाले नाही. ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. 'स्मृतिचित्रे'चा 'आय फॉलो आफ्टर' हा इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये आला. पुढे १९८९ मध्ये या पुस्तकाची नव्याने संपादित केलेली आवृत्ती निघाली, तिचे संपादन लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी केले.