प्लेग आणि ‘केसरी’चे संपादक
रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले. १८९७ च्या पुण्यातील प्लेगमधल्या त्यांच्या पत्रकारितेविषयी त्या मानाने थोडेच. अनेक बडी मंडळी शहर सोडून गेली असता ते पुण्यातच राहिले आणि हिंदूंसाठी रुग्णालय उभारण्यात पुढे झाले. रुग्णांना वेगळे ठेवण्याची आवश्यकता त्यांना मान्य होती. देवघरापर्यंत घुसणाऱ्या गोऱ्या सोजिरांची दांडगाई मान्य नव्हती. हा विवेक (तो आजही दुर्मीळच) सरकारला मानवला नाही. २२ जून रोजी चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. मग ‘केसरी’तील शिवराज्याभिषेकोत्सवाविषयीच्या लेखनावर राजद्रोहाचा ठपका ठेवून टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. १९०३ मध्ये त्यांचा ज्येष्ठ पुत्र विश्वनाथ प्लेगनेच हिरावून नेला.