चिकटवलेला खजिना : जेफरसन बर्डिक

जुन्या बेसबॉल कार्डांच्या अमेरिकी बाजारात ‘टी २०६’ असे म्हटले, की जाणकारांचे कान टवकारतात. हे नाव ना तंबाखू कंपनीने दिले, ना खेळाडूंनी. ते जेफरसन बर्डिक या संधिवाताने जखडलेल्या कारखाना कामगाराने दिले.

बर्डिक यांचा जन्म १९०० मधला, न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल स्क्वेअर या गावचा. सिराक्यूज विद्यापीठातून १९२२ मध्ये पदवी घेऊन ते विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात रुजू झाले. संसार त्यांनी मांडला नाही. सिगारेटची पाकिटे चुरगळू नयेत म्हणून आत घातली जाणारी जाड कार्डे मुले जमवीत. बर्डिक यांचा तो छंद मात्र बालपणाबरोबर सरला नाही. १९३९ मध्ये त्यांनी या विस्कळीत पसाऱ्याची पहिली सूची काढली. विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘टी’, एकोणिसाव्या शतकातील कार्डांना ‘एन’, अशी ती साधी व्यवस्था आजही चालते. इतर कार्डे काही सेंटांची असताना होनस वॅग्नर यांच्या दुर्मीळ कार्डाला त्यांनी ५० डॉलर किंमत लावली होती. त्याची एक प्रत २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली, तीही दहापैकी जेमतेम दोन गुणांची!

हे गुण कोपरे किती टोकदार, कडा किती शाबूत, छपाई मधोमध आहे की नाही, घडी पडली आहे का, पाठ स्वच्छ आहे का, यावर ठरतात. सूचीकाराच्या स्वतःच्या संग्रहाला मात्र हे निकष लावणे कठीण आहे. १९४७ पासून त्यांनी आपली तीन लाखांहून अधिक कार्डे व छापील चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन कलासंग्रहालयाला देण्यास आरंभ केला. मांडणी त्यांनीच करून द्यावी, ही संग्रहालयाची अट होती. बर्डिक यांनी ती डिंकाने पाळली! वॅग्नरसह हजारो कार्डे वह्यांत कायमची चिकटली. बाजाराच्या दृष्टीने हा अनर्थच. पण विकायचे कोणाला होते? संग्रह फुटू नये, एवढीच त्यांची धडपड होती.

बोटे वाकत गेली, औषधे वाढली, तरी ते संग्रहालयात येऊन पाने भरीत राहिले. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचे कार्ड चिकटवून ते उठले. मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.