व्हॅक्यूम क्लीनर घेताय? आधी सेसिल बूथच्या रुमालाची गोष्ट वाचा



दिवाळीच्या साफसफाईआधी आमच्या घरी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरलं. धूळ उडाली की शिंकांचा सपाटा माझाच सुरू होतो, म्हणून निवडायचं कामही माझ्याकडेच आलं. फोनवर बघतो तर प्रत्येक मॉडेलसमोर मोठमोठे आकडे. सगळ्यात जास्त पास्कलवालं मॉडेल मी कार्टमध्ये टाकलंसुद्धा. मग सहज म्हणून हे मशीन आलं कुठून ते वाचायला घेतलं आणि ह्युबर्ट सेसिल बूथ भेटला. त्याची गोष्ट वाचून मी कार्ट रिकामं केलं.

आकाशपाळण्यांचा इंजिनिअर

बूथचा जन्म ४ जुलै १८७१ रोजी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला झाला. लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकून तो पूल आणि अवाढव्य आकाशपाळण्यांच्या कामात शिरला. व्हिएन्नातला १८९७ चा प्रसिद्ध पाळणा आजही फिरतो, त्याच्या डिझाइनमध्येही बूथचा हात होता. थोडक्यात, घरातल्या केरकचऱ्याशी या माणसाचा काही संबंध नव्हता.

१९०१ मध्ये लंडनला त्यानं सफाईच्या एका नव्या यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र गालिच्यावर जोरात हवा सोडून धूळ उडवायचं. थोडी धूळ डब्यात जायची, बाकीची परत खाली बसायची. आपण कोरडा झाडू मारतो तेव्हा नेमकं हेच होतं ना? बूथनं विचारलं, हवा सोडण्याऐवजी ओढून का घेत नाही? ते जमत नाही, असं त्याला सांगण्यात आलं.

बूथला ते पटलं नाही. एका रेस्टॉरंटमध्ये त्यानं मखमली खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला, तोंड लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. त्याला ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला होता. मला यातली महत्त्वाची गोष्ट ओढण्याच्या जोराइतकीच रुमाल वाटते. हवा कापडातून पार गेली, धूळ मात्र अडकली. म्हणजे फिल्टर!

घोडागाडीवरचा व्हॅक्यूम

त्याच वर्षी बूथनं पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा फार थोड्या घरांत वीज होती, म्हणून त्याचं पहिलं मशीन पेट्रोल इंजिनावर चालायचं. ते घोडागाडीवर लादून दारासमोर उभं करायचे आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात न्यायचे. मशीन विकत घ्यायचं नाही, सफाई करून घ्यायची आणि पैसे द्यायचे. आज आपण ॲपवरून सफाईवाले बोलावतो, साधारण तसंच. त्याचा आवाज एवढा असायचा की रस्त्यावरचे घोडे बुजायचे.

१९०२ मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच मशीननं साफ झाले आणि बूथचं नाव झालं. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाच्या जवानांत साथ पसरली, तेव्हा त्याच्या १५ मशीननी तिथून सुमारे २६ टन धूळ उपसली.

पण घराघरात पोचलं ते दुसऱ्याचं मशीन. अमेरिकेत जेम्स स्पँग्लर या दम्यानं त्रासलेल्या सफाई कामगारानं हातात धरता येईल असा विजेचा क्लीनर बनवला. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ते हूव्हर कुटुंबाच्या व्यवसायानं विकत घेतलं. पुढे खुद्द बूथच्या देशात व्हॅक्यूम मारण्याला लोक 'हूव्हर करणं' म्हणू लागले. बूथच्या कंपनीनंही नंतर 'गॉब्लिन' नावानं घरगुती मशीन काढली. १४ जानेवारी १९५५ रोजी बूथ वारला.

मग मी काय बघितलं?

पहिलं, फिल्टर. धूळ ओढली पण बारीक कण मागच्या झरोक्यातून परत खोलीत आले, तर बूथनं पाहिलेल्या त्या फुंकणाऱ्या यंत्रात आणि आपल्या मशीनमध्ये फरक काय? खऱ्या हेपा फिल्टरनं ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवायला हवेत. फिल्टरच्या कडेनं हवा निसटत असेल तर त्याचाही उपयोग नाही.

दुसरं, पास्कल. हा आकडा दाबातला फरक सांगतो. पण नळीचं तोंड पूर्ण बंद केलं की दाबाचा फरक सर्वात जास्त होतो आणि हवेचा प्रवाह शून्य! धूळ वाहून नेते ती वाहणारी हवा. म्हणून नुसता पास्कलचा आकडा बघून भुलू नका, हवेचा प्रवाह दिला असेल तर तोही बघा.

तिसरं, आपली फरशी. गुळगुळीत टाइल्सना मऊ रोलर बरा, गालिच्याला कडक ब्रश. पाणी ओढायचं असेल तर 'वेट अँड ड्राय' मॉडेलच घ्या, साध्या मशीनमध्ये पाणी गेलं की मोटर गेली.

चौथं, बदली फिल्टर सहज मिळतो का आणि केवढ्याला, हे मशीन घेण्याआधीच तपासा. धुता येणारा फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

शेवटी मी कमी पास्कलचं, पण चांगल्या फिल्टरचं मॉडेल घेतलं. शिंका पूर्ण थांबल्या असं नाही. पण सफाईच्या दिवशी तोंडाला रुमाल बांधून फिरावं लागत नाही. तो रुमाल आता मशीनच्या आत आहे.